पेटीतला तानपुरा

तानपुरा हे वाद्य वाजवावयास सोपे आणि बाळगावयास अवघड आहे. चार तारा एकीपाठोपाठ एक छेडावयाच्या, याहून अधिक कसब वादकाकडून कोणी मागत नाही. परंतु त्या तारा सुरात मिळवावयास बसले म्हणजे संध्याकाळ कशी सरते ते कळत नाही, आणि मोठ्या कष्टाने मिळविलेल्या तारा दमट वाऱ्याच्या एका झुळुकीने पुन्हा उतरतात. प्रवासात तर या वाद्याला माणसासारखी बसावयास जागा लागते. मिरजेहून हुबळीमार्गे बंगळूरला जाणाऱ्या आगगाडीत कोणाची ट्रंक भोपळ्यावर टेकली, की एका कारागिराच्या कित्येक दिवसांच्या श्रमांना तडा गेलाच म्हणून समजावे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेतील फरीदसाहेब शिकलगार यांनी शस्त्रे पाजळण्याच्या पिढीजात धंद्यातून तंतुवाद्यांकडे आपला हात वळविला, तेव्हापासून त्या गावचे तानपुरे दूरदूर जाऊ लागले. पंढरपूरकडच्या शेतांतला भोपळा, तुणाचे लाकूड आणि घोडीवरची जवारी यांचा हा मेळ आजही हातानेच जमवावा लागतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या हाताच्या कामालाच मिळाले असे म्हणावयास हरकत नाही. पण ज्याला रोज पहाटे भाड्याच्या दोन खोल्यांत गळा फिरवावयाचा, ज्याच्याजवळ तानपुरा छेडीत बसणारा शिष्य नाही, त्याने काय करावे? दक्षिणेत त्याच्यासाठी भात्याची श्रुतिपेटी होती. ती सूर देई. पण तो पत्तीचा सरळ, सपाट सूर. तानपुऱ्याच्या नादात जी एक झळाळी एका तारेवरून दुसरीवर सरकत जाते, ती तिच्यात नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचा यशस्वी यत्न बंगळुरात झाला. १९७९ च्या सुमारास जी. राजनारायण या अभियंत्याने विजेवर चालणारा तानपुरा सिद्ध केला. ते स्वतः बासरीवादक. तेव्हा गरज आणि विद्या एकाच घरात नांदत होत्या. पुढे त्यांच्या राडेल या संस्थेने ‘सारंग’ नावाचा विद्युत्-तानपुरा आणि ‘तालमाला’ नावाचा विद्युत्-तबला घरोघरी पोचविला. हा शोध बंगळुरातच लागावा यात नवल नाही. १९०९ साली स्थापन झालेली विज्ञानसंस्था, १९४० चा विमानांचा कारखाना, १९४८ चा टेलिफोनचा आणि १९५४ सालची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सर्व एकाच शहरात. त्या शहरात दिवसा सोल्डरिंगची कांडी हाती धरणारा मनुष्य सायंकाळी मल्लेश्वरम् अथवा बसवनगुडीच्या सभेत मांडीवर ताल धरताना आढळावा, हे अगदी स्वाभाविक होते.

शिवाय तानपुऱ्याच्या नादाचे शास्त्रीय कोडे याच शहराशी जोडलेल्या एका थोर नावाने आधीच मांडून ठेवले होते. चंद्रशेखर वेंकट रामन १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञानसंस्थेचे संचालक झाले. त्याआधी, कलकत्त्यास असताना, १९२१ च्या सुमारास त्यांनी वीणा व तानपुरा यांवर एक निबंध लिहिला होता. तार जेथे छेडावी, तेथे ज्या उपस्वरांचा निःस्पंद बिंदू पडतो ते उपस्वर उमटू नयेत, असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे उपस्वर गप्प राहावेत. रामन यांनी ऐकले तो तानपुरा मात्र हा नियम जुमानीत नव्हता. जे स्वर असू नयेत तेच त्यात खणखणीत वाजत होते. कारण घोडीच्या रुंद, किंचित उताराच्या पृष्ठभागात होते. कंप पावणारी तार त्या पृष्ठाला क्षणोक्षणी टेकते आणि सुटते, आणि त्या टेकण्यासुटण्यातून नवे उपस्वर जन्मास येतात. घोडी आणि तार यांमध्ये सरकविलेला सुताचा बारीकसा दोरा हे सारे घडवून आणतो. जवारी काढणारा कारागीर कानसेने काही कसांचे लाकूड वा हाड घासतो, तेव्हा तो याच उपस्वरांची वाटणी करीत असतो. त्याला त्याचे गणित ठाऊक नसते, एवढेच.

आता हे गणित विजेच्या मंडलात उतरवावयाचे, म्हणजे काय करावयाचे? आरंभीच्या पेट्यांत कोणाच्या खऱ्या तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण साठविलेले नव्हते. ती सोय पुढे अंकीय तंत्राने आली. जुन्या पेटीत नाद मुळापासून निर्माण करावा लागे. प्रथम उपस्वरांनी भरलेला एक विद्युत्-कंप उत्पन्न करावयाचा. तो छेडल्यासारखा झटकन उठावा आणि हळूहळू विरावा, अशी त्याची चढउतार बांधावयाची. मग त्यातील उपस्वर चाळून काढून, नाद विरता विरता त्याचा रंगही पालटावा, अशी योजना करावयाची. अखेर पंचम, षड्जाची जोड आणि खर्ज ही मंडले ठरावीक अंतराने एकामागून एक छेडावयाची. पाश्चात्त्य देशांत ज्याला सिंथेसायझर म्हणतात, त्याची रीत हीच. फरक इतकाच, की त्या वाद्याला शंभर आवाज काढावयाचे असतात आणि या पेटीला एकच, पण तो चुकता कामा नये.

सिंथेसायझर भारतात त्यापूर्वीच येऊन गेला होता. विजेने बनविलेली पुंगी तर १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातच देशभर ऐकू आली होती; कल्याणजी शहा यांनी ती क्लॅव्हिओलिन या फ्रेंच बनावटीच्या वाद्यावर वाजविली होती. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी आपले यंत्र १९६४ मध्ये आकारास आणले, आणि अवघ्या पाच वर्षांनी, १९६९ मध्ये, डेव्हिड ट्यूडर या वादकाने तसे एक यंत्र अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये उभे केले. त्यामागे गीता साराभाई यांची प्रेरणा होती. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांना भारतीय संगीताचे पाठ देणाऱ्या त्या हयाच. तीनएक वर्षे तेथे प्रयोग चालले, मग ती खोली शांत झाली. पुढे २०१७ मध्ये पॉल पर्गस या ब्रिटिश संगीतकाराच्या हाती संस्थेच्या संग्रहातील जुनी टेपची रिळे लागली आणि २०२३ मध्ये त्यांतील रचना प्रसिद्ध झाल्या, तेव्हा कोठे जगाला कळले की भारतात एवढ्या आधी असे काही घडले होते. यंत्र मुके झाले तरी रिळांनी साक्ष दिली.

बंगळूरच्या पेटीच्या नशिबी अशी रिळे नाहीत. तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण तानपुऱ्यासाठी म्हणून कोण करतो? तो नेहमी मागे असतो. असंख्य खाजगी मैफलींच्या, शिकवण्यांच्या, रियाजाच्या फितींवर या पेटीचा आवाज आहे. पण तो कोणाच्या तरी गळ्याच्या पाठीमागे. जी वस्तू सर्वत्र ऐकू येते ती जतन करावी असे कोणाच्या मनात येत नाही. म्हणून आज पहिल्या पिढीच्या पेट्या बंगळुरातील माळ्यांवर, जुन्या कपाटांच्या तळाशी, क्वचित चिक्कपेटेच्या रविवारच्या बाजारात धूळ खात पडलेल्या दिसतात. त्यांची जागा नव्या अंकीय पेट्यांनी घेतली आणि त्यांचीही जागा आता खिशातला मोबाइल घेत आहे.

या पेटीविरुद्ध जाणकारांचा आक्षेपही होता, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. तानपुरा लावणे हाच गायनाचा पहिला पाठ. कळ फिरवली की सूर हजर झाला, तर शिष्याचा कान घडावा केव्हा? हार्मोनियमवर असाच रोष झाला होता. आकाशवाणीने १९४० मध्ये ते वाद्य वर्ज्य ठरविले आणि १९७१ पर्यंत ते दाराबाहेरच राहिले. हार्मोनियमवरील आरोप स्वरांच्या खोटेपणाचा होता. पेटीवरील आरोप तिच्या सोयीचा आहे. दुसरा आरोप अधिक खरा वाटतो. तथापि त्याची दुसरी बाजूही पाहावी. ज्या घरात खरा तानपुरा कधीच येणार नव्हता, त्या घरात या पेटीने सूर आणला. परदेशी गेलेल्या कितीतरी कुटुंबांच्या सामानात कपड्यांच्या घड्यांमध्ये ती गेली.

तेव्हा अशी एक पेटी माळ्यावरून खाली आली, तर तिचे काय करावे? टाकून द्यावी, दुरुस्त करून वापरावी, की आहे तशी ठेवावी? सोय एवढाच निकष धरला तर उत्तर क्षणात मिळते: मोबाइलमधला तानपुरा फुकट आहे आणि तो खऱ्या तानपुऱ्यावरून उतरविलेला आहे. परंतु जुन्या पेटीत जे आहे ते मोबाइलमध्ये नाही. तिच्यात तानपुऱ्याचा आवाज नसून तानपुऱ्याविषयीचे एक मत आहे. मोजक्या ट्रान्झिस्टरांत आणि कंडेन्सरांत तानपुऱ्याचे सत्त्व कशात आहे, कोणता उपस्वर ठेवावा, कोणता सोडून द्यावा, हे एका ऐकणाऱ्याने ठरविले होते.

मग दुरुस्तीचा प्रश्न खरोखर कठीण होतो. तंतुवाद्याच्या परंपरेत दुरुस्ती हा वाद्याच्या आयुष्याचाच भाग आहे. तारा बदलतात, दोरा बदलतो, तारांनी घोडीवर खाचा पाडल्या की जवारी पुन्हा काढावी लागते. शंभर वर्षांच्या तानपुऱ्याची घोडी शंभर वर्षांपूर्वीची नसतेच, आणि त्याबद्दल कोणी खंत करीत नाही. या न्यायाने पेटीही खुशाल उघडावी. पण जवारी काढणाऱ्याच्या मागे पिढ्यांचा कान उभा असतो. विद्युत्-पेटीचा कान तिच्या आतच कोंडलेला आहे.

तो कोठे, हे झाकण उघडल्यावर दिसते. पेटीतील काही भाग नुसते पोषणाचे: विजेचा पुरवठा, सेलचा कप्पा, स्विच. इतक्या वर्षांत गोल कंडेन्सर आतून सुकतात. मग वाहत्या विजेची शंभर कंपनांची गुणगुण आवाजात मिसळते, आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईला ती तिच्या खालच्या षड्जाहून किंचित उतरलेली ऐकू येते. बेसुर साथीदाराहून हे वाईट. विसरून राहिलेले सेल फुटून हिरवट-निळी भुकटी तांब्याच्या पट्ट्या खाते. हे सारे निःशंक बदलावे. सदर पत्रप्पा रस्त्यावरच्या दुकानांत असे कंडेन्सर आजही थोडक्या पैशांत मिळतात. फिरवताना खरखरणारी बटणे साफ केली की बहुधा पुरते.

परंतु त्याच पट्टीवर काही चिमुकले स्क्रू असतात. कारागीर त्यांना प्रीसेट म्हणतात. कारखान्यात कोणीतरी पेटी कानाशी धरून ते फिरविले, आणि नाद मनासारखा झाला तेथे थांबविले. काहींवर तो हलू नये म्हणून रंगाचा ठिपकाही दिलेला असतो. उत्साही दुरुस्तीकार पहिला हात घालतो तो नेमका तेथे. स्क्रू एकदा फिरला की पहिला निर्णय कायमचा गेला. तो कोणत्याही कागदावर लिहिलेला नसतो. दुसरीकडे, काहीच केले नाही तरी तो निर्णय शाबूत आहे असे नव्हे. आजूबाजूचे भाग वयाने बदलले आहेत. स्क्रू जागेवर आहे, पण त्याने ठरविलेला नाद केव्हाच सरकला आहे. न शिवलेली पेटीही मूळची पेटी राहत नाही.

यातून वाट एकच दिसते, आणि ती सावकाशीची आहे. जुनी पेटी एकदम विजेला जोडू नये. सुकलेले कंडेन्सर जळून सोबत आणखी चार भाग नेतात. प्रथम छायाचित्रे काढावीत, प्रत्येक प्रीसेटचा कोन टिपावा, मंडलाचा नकाशा कागदावर उतरवावा. मग पोषणाचे भाग बदलून पेटी जशी बोलेल तशी मुद्रित करावी, सूर उतरलेला असला तरीही. त्यानंतरच, आणि घरात गाणारे कोणी असेल तरच, स्क्रूला हात लावावा. गाणारे कोणी नसेल तर तेथेच थांबावे, आणि नकाशा व मुद्रण पेटीबरोबरच ठेवावे.

आणि हात लावताना पुढ्यात काय ठेवावे? बहुधा त्याच माळ्यावर, त्याच पेटीच्या शेजारी, शिकवणीच्या जुन्या कॅसेटी सापडतात. कॅसेटयंत्राच्या वेगाचा भरवसा नसतो, म्हणून तिच्यावरून पट्टी ठरविता येत नाही. पण फीत जलद फिरो वा मंद, षड्ज आणि पंचम यांमधले अंतर सारखेच राहते. एकामागून एक छेडल्या जाणाऱ्या सुरांची चाल आणि त्यांच्या विरण्याचा आकारही पुष्कळसा तसाच राहतो. अशी कॅसेट लावावी आणि गाण्याकडे कान न देता वाट पाहावी. आलाप संपतो, गाणारी मुलगी श्वास घेते, गुरुजी अजून काही बोललेले नसतात, आणि तेवढ्या दोन-तीन क्षणांत पेटी एकटी ऐकू येते.