छायाचित्रात कोण नाही?

आमच्यासमोर एक जुने छायाचित्र आहे. १० मे १८६९ रोजी अमेरिकेत, युटा प्रदेशातील प्रॉमंटरी येथे पूर्वेकडून व पश्चिमेकडून आलेले लोहमार्ग जोडले गेले, तेव्हा अँड्र्यू रसेल यांनी ते टिपले. दोन इंजिने समोरासमोर उभी आहेत. माणसे हस्तांदोलन करताहेत, बाटल्या उंचावताहेत. पण सिएरा नेवाडाचा ग्रॅनाइट फोडून पश्चिमेकडचा मार्ग बांधणारे हजारो चिनी मजूर? ते जवळपास दिसतच नाहीत. समारंभातल्या सोन्याच्या खिळ्यावर नावे कोरली आहेत ती रेल्वेच्या संचालकांची. कंपनीच्या पगारपत्रकांतही चिनी टोळीपुढे बहुधा मुकादमाचेच नाव सापडते. म्हणून वर्गात जुने चित्र दाखवताना ‘यात कोण दिसते?’ याबरोबरच ‘यात कोण असायला हवे होते?’ हेही विचारू या.