स्टिंकीचा निबंध

एका साध्या शाळेने एमआयटीला हरवल्याची गोष्ट काहींनी 'स्पेअर पार्ट्स' (२०१५) या सिनेमात पाहिली असेल. साल २००४. अमेरिकेतल्या फिनिक्सची कार्ल हेडन शाळा. फ्रेडी लाजवर्दी व अ‍ॅलन कॅमेरून या शिक्षकांनी मेक्सिकोत जन्मलेली चार मुले पाण्याखालच्या रोबोंच्या स्पर्धेत उतरवली, तीही थेट कॉलेजांच्या गटात!

रोबोचा सांगाडा आपल्या नळकामातल्या पीव्हीसी पाइपांचा. डिंकाला इतका उग्र वास, की नावच पडले 'स्टिंकी'. सांता बार्बराला सरावात पाणी पेटीत शिरले. आत सर्किट! उघडून दुरुस्त करायला वेळ नाही, मग पाणी शोषेल असे काय? मासिक पाळीचे टॅम्पॉन. लोरेन्झो सांतियान लाजत लाजत दुकानातून घेऊन आला. रात्र तारांना डाख देण्यात गेली. दुसऱ्या दिवशी पेटी कोरडी राहिली, आणि पहिला नंबर!

पण मी भाषेचा मास्तर. मला जास्त कौतुक दुसऱ्याच बक्षिसाचे. रोबो कसा व का बनवला याचा लेखी अहवालही द्यायचा होता, आणि घरी स्पॅनिश बोलणाऱ्या या मुलांच्या इंग्रजी अहवालालाच ते बक्षीस मिळाले. आपल्याकडे प्रयोगवही उतरवून काढायची असते, हे आठवून हसू आले.

त्यांच्यातला ऑस्कर वास्केझ २००९ला इंजिनिअर झाला, पण वैध कागद नव्हते. स्वतःहून मेक्सिकोला परतला. २०१०मध्ये परवानगी मिळाली, मग तो अमेरिकेच्या सैन्यात गेला.