पोसायडन

प्राचीन ग्रीक धर्मातील समुद्र, भूकंप, घोडे व झरे यांचा देव. क्रोनस व रीआ यांचा पुत्र. झ्यूस व हेडीझ यांचा भाऊ. होमरच्या ‘इलियड’नुसार तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकून वाटणी केली. झ्यूसला आकाश, हेडीझला पाताळ आणि पोसायडनला समुद्र मिळाला. पृथ्वी व ऑलिंपस पर्वत सामाईक राहिले. पत्नी अँफिट्राइटी, पुत्र ट्रायटन. आयुध त्रिशूळ. ते मूळचे मासेमाराचे हत्यार असावे; शिवाच्या त्रिशुळाशी त्याची गल्लत करू नये. नावाच्या व्युत्पत्तीबद्दल मतैक्य नाही.

बहुतेक दैवतकथासंग्रहांत त्याला ‘समुद्रदेव’ ठरवून विषय संपवला जातो. पुरावा मात्र वेगळे सांगतो. दक्षिण ग्रीसमधील पायलॉस येथे १९३९ मध्ये मातीच्या लेखपट्टिका सापडल्या. त्यांची ‘लिनिअर बी’ लिपी मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये उलगडली. इ. स. पू. सु. १२०० मधील या पट्टिकांवरील हिशेबांत पोसायडनचे नाव ठळकपणे येते. पायलॉसपुरते बोलायचे तर झ्यूसपेक्षाही त्याचा मान मोठा दिसतो. एका पट्टिकेत त्याच्यासाठी द्यायच्या जिनसांची यादी आहे: गहू, मद्य, बैल, मेंढे, चीज, मध, मेंढीचे कातडे. सगळा माल शेतकऱ्या-मेंढपाळाच्या घरचा; मासा, जाळे, होडी यांचा मागमूस नाही. ‘ओडिसी’त पायलॉसचे लोक त्याला काळे बैल बळी देतात, तेही समुद्रकिनाऱ्यावर. दोन्ही साक्षी एकत्र वाचाव्यात.

भूमी हादरवणारा ही त्याची होमरपासूनची ओळख. इ. स. पू. ४६४ च्या सुमारास स्पार्टाला भूकंपाचा जबर तडाखा बसला. टेनारम येथील त्याच्या देवळात आश्रयाला आलेल्या हेलटांना (स्पार्टाच्या भूदासांना) बाहेर काढून मारल्याचे हे फळ, असे स्पार्टावासी मानत. ही नोंद इतिहासकार थ्यूसिडिडीझची आहे. इ. स. पू. ३७३ च्या हिवाळ्यात कॉरिंथच्या आखातावरील हेलिकी हे नगर भूकंप व लाटेने एका रात्रीत नष्ट झाले. तेथेही पोसायडनचे प्रसिद्ध देवस्थान होते, आणि त्याच्याच कोपाची कथा पुढे रूढ झाली. नगराचे अवशेष समुद्रतळाशी शोधण्यात बरीच वर्षे गेली. २००१ मध्ये ते किनाऱ्यालगतच्या जमिनीखाली, गाळात हाती लागले.

घोड्यांशी त्याचे नाते आर्केडिया व बिओशिया या प्रदेशांत विशेष दिसते. मँटिनिआ येथे ‘अश्वदेव’ म्हणून त्याचे देऊळ होते. आर्गोलिसच्या किनाऱ्याजवळ समुद्रातच एक गोड्या पाण्याचा उमाळा होता. तेथे पूर्वी आर्गॉसचे लोक लगाम चढवलेले घोडे त्याच्या नावाने पाण्यात टाकत, असे ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनिअस लिहितो. घोडा, झरा आणि समुद्र एकाच विधीत आणणारे याहून नेमके उदाहरण नाही.

कुंभारांचे नवस: कॉरिंथजवळील पेंटेस्कूफिया येथे १८७९ मध्ये मातीच्या चित्रित फलकांचे हजाराहून अधिक तुकडे सापडले. काळ मुख्यतः इ. स. पू. सहावे शतक. बहुतेक बर्लिनमध्ये आहेत, काही पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात. त्यांतील अनेक पोसायडनला वाहिलेले आहेत. काहींवर तो स्वतः आहे. पण इतर काहींवर कुंभाराचे काम चितारले आहे. एका प्रसिद्ध फलकावर खड्ड्यात उतरून माती खणणारे लोक आहेत आणि त्यांच्यासाठी पाण्याचे भांडे वर टांगले आहे. इतरांवर घुमटाकार भट्ट्या आणि त्यांच्याशी राबणारे कारागीर दिसतात. कुंभारांनी हाच देव का निवडावा? माती त्याच्या सत्तेखालची म्हणून, हा तर्क सयुक्तिक वाटतो. ग्रीक कारागिरीच्या अभ्यासात या फलकांइतकी बोलकी साधने थोडी आहेत. दैवतकथांच्या पुस्तकांत त्यांना जागा मिळत नाही, हे नवल.

कथा: अथेन्सच्या स्वामित्वावरून अथीनाशी स्पर्धा (त्याने खारे पाणी काढले, तिने ऑलिव्ह लावला, ती जिंकली), ओडिसियसवरील राग, मेडूसापासून पेगॅससचा जन्म.

मंदिरे व मूर्ती: सूनियन येथील डॉरिक शैलीचे मंदिर (इ. स. पू. सु. ४४०) परिचित आहे. इस्थमिआच्या देवस्थानात दर दोन वर्षांनी क्रीडामहोत्सव भरे. १९२० च्या दशकात यूबीआ बेटाच्या उत्तरेस, आर्टेमिसिअनजवळच्या समुद्रातून २.०९ मीटर उंचीची कांस्यमूर्ती वर काढण्यात आली. आता ती अथेन्समध्ये आहे. पसरलेल्या हातांची लांबी उंचीइतकीच भरते. डोळ्यांच्या खोबणी रिकाम्या आहेत, उजव्या मुठीतील आयुध गेलेले आहे. ते त्रिशूळ की वज्र, म्हणजे देव पोसायडन की झ्यूस, हा वाद आहे. त्रिशूळ धरला तर तो चेहऱ्याआड येतो, म्हणून अलीकडे झ्यूसकडे कल अधिक.

रोमन धर्मात तो नेपच्यून या देवाशी एकरूप झाला. उत्सव २३ जुलै.

भारतीय उपखंड: बॅक्ट्रियाचा ग्रीक राजा पहिला अँटिमॅकस (इ. स. पू. दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध) याच्या चांदीच्या नाण्यांवर त्रिशूळ व ताडाची डहाळी घेतलेला पोसायडन उभा आहे. समुद्र नसलेल्या राज्यात हा देव कसा, याचे उत्तर काहींनी नदीवरील आरमारी विजयात शोधले. बॅक्ट्रिया घोड्यांसाठी नावाजलेला प्रदेश होता, हे लक्षात घेतले तर आरमाराची गरज उरत नाही. पुढे शक राजा माउएस याच्या नाण्यांवरही तो येतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर, पंचगंगेकाठी, १९४० च्या दशकात रोमन बनावटीच्या कांस्यवस्तूंसोबत त्याची एक लहान मूर्ती मिळाली. ती इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील, सातवाहनकालीन व्यापारातून आलेली मानतात. येथे तिची पूजा होत असे की ती नुसती शोभेची वस्तू होती, हे ठरवता येत नाही. मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात आहे.