सहाचा ठोका

आपल्याकडे ‘हॉटेल’ हा शब्द ऐकला की चहा, भजी आणि मिसळ यांची आठवण होते. ऑस्ट्रेलियात या शब्दाचा रूढ अर्थ मद्यालय असा आहे. परवाना हवा तर मुक्कामाच्या चार खोल्या ठेवाव्या लागत, म्हणून नाव हॉटेल. खरा व्यवहार तळमजल्यावरच्या बारवर चाले. या हॉटेलांची दारे किती वाजता बंद व्हावीत, या एकाच प्रश्नावर तेथील न्यू साउथ वेल्स राज्याने १९१६, १९४७ आणि १९५४ अशी तीन वेळा सार्वमते घेतली. दारू असावी की नसावी हा वाद जगभर झाला आहे. येथे वाद घड्याळाचा होता.

त्याचा आरंभ एका दंगलीने झाला. पहिले महायुद्ध चालू होते. सिडनीजवळ कसुला व लिव्हरपूल येथे सैन्यभरतीच्या तरुणांच्या छावण्या होत्या. १४ फेब्रुवारी १९१६ रोजी कवायतीचे तास वाढविल्याच्या रागाने हजारो शिपाई छावणी सोडून बाहेर पडले, लिव्हरपूलच्या हॉटेलांत घुसून त्यांनी तेथील दारू फस्त केली आणि आगगाड्या बळकावून ते सिडनीत उतरले. रस्त्यांवर काचा फुटल्या. रात्री सेंट्रल स्टेशनवर गोळीबार झाला, त्यात एक शिपाई ठार व काही जखमी झाले. मद्यपानविरोधी संघटना, विशेषतः स्त्रियांच्या संस्था, कित्येक वर्षे जे मागत होत्या त्याला या एका रात्रीने बळ दिले. जून १९१६ च्या सार्वमतात मतदारांपुढे सहापासून अकरापर्यंतच्या वेळा ठेवण्यात आल्या. लोकांनी त्यांतील सर्वांत अलीकडची, म्हणजे संध्याकाळी सहाची वेळ निवडली. त्यापूर्वी हॉटेले रात्री अकरापर्यंत उघडी असत. स्त्रियांना तेथे १९०२ पासूनच मताधिकार होता, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. नवऱ्याचा पगार आणि नवऱ्याची संध्याकाळ ही दोन्ही घरी यावीत, एवढीच त्यांची अपेक्षा होती आणि ती अवाजवी नव्हती.

दक्षिण ऑस्ट्रेलियाने हा निर्णय १९१५ मध्येच घेतला होता. व्हिक्टोरिया व टास्मानिया यांनी १९१६ मध्ये आणि न्यूझीलंडने १९१७ च्या अखेरीस तोच मार्ग धरला. युद्धापुरती म्हणून आलेली ही सोय युद्ध संपल्यावरही टिकली.

आता पाहा, कारखाने आणि कचेऱ्या सुटत पाचच्या सुमारास. म्हणजे पिण्यास उरला एक तास! त्या तासात माणसे बारवर अक्षरशः तुटून पडत. बसण्यास जागा राहू नये म्हणून नव्हे, तर उभ्याने अधिक माणसे मावावीत म्हणून खुर्च्या व बिलियर्डची टेबले हलविण्यात आली. सांडलेली बिअर आणि त्याहून वाईट ते धुऊन काढण्यास सोपे जावे म्हणून भिंतींना फरशा लावण्यात आल्या. सहाचा इशारा होण्यापूर्वी एकेक जण दोन-तीन ग्लास समोर भरून ठेवी आणि ते घशाखाली ओतून रस्त्यावर येई. डुकरांपुढे ओतावयाच्या पातळ खरकट्यास इंग्रजीत जो शब्द आहे, तोच लोकांनी या तासाला चिकटविला. चित्रकार जॉन ब्रॅक याने १९५४ मध्ये ‘द बार’ या चित्रात हे दृश्य रंगविले आहे. समोर मद्य देणारी बाई आणि तिच्यामागच्या आरशात तपकिरी चेहऱ्यांच्या पुरुषांची दाटी. त्या आरशातील एकाही चेहऱ्यावर आनंद दिसत नाही.

साडेसहाच्या सुमारास हा माणूस घरी पोचे. पूर्वी अकरा वाजता येणारा मद्यपी मुले निजल्यावर येई. आता तो जेवणाच्या पानावरच येऊ लागला. रस्त्यावरचा दंगा पोलिसांच्या वहीत नोंदला जातो, स्वयंपाकघरातला क्वचितच. म्हणून या कायद्याने गुन्हे घटले की वाढले, याचा हिशेब केवळ नोंदींवरून मांडणे मला धोक्याचे वाटते.

सहानंतर तहान संपत नव्हती, ती दुसऱ्या दारी जाई. सिडनीच्या सरी हिल्स या गरीब वस्तीत चोरट्या दारूचे गुत्ते उभे राहिले आणि त्यांची राणी म्हणून केट ली ही बाई प्रसिद्धीस आली. ती स्वतः दारूला शिवत नसे. नाताळात आळीतील मुलांना ती मेजवानी देई, गरजूंना हात देई आणि त्याच आळीत गुंडही पोसत असे. १९२७ मध्ये पिस्तुलांवर परवान्याचे कडक बंधन आले, तेव्हा तेथील टोळ्यांनी वस्तरे हाती घेतले. कोकेन, वेश्याव्यवसाय आणि चोरटी दारू यांच्या वाट्यावरून डार्लिंगहर्स्ट भागात गालांवर चिरा पडू लागल्या. सहाचा कायदा हे त्याचे एकमेव कारण नव्हते. पण संध्याकाळी सहा ते मध्यरात्र हा बाजार त्याने या टोळ्यांना आयता करून दिला. पुढे न्यायमूर्ती मॅक्सवेल यांच्या चौकशी आयोगाने (१९५१–५४) मद्यव्यापारातील काळ्या बाजाराचा मोठा पसारा उघड केला.

याच सुमारास मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अमलात येत होता. बडोदे आणि बेळगाव तेव्हा त्याच राज्यात होते, त्यामुळे हातभट्टी हा शब्द तेथील जुन्या मंडळींना समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे दुकानच बंद झाले, तिकडे केवळ घड्याळ मागे आले. चोरवाटा मात्र ओळखीच्या निघाल्या.

१९४७ च्या सार्वमतात लोकांनी सहाचीच वेळ राखली. नोव्हेंबर १९५४ मध्ये अगदी निसटत्या बहुमताने दहाची वेळ आली आणि १ फेब्रुवारी १९५५ पासून ती लागू झाली. गंमत अशी की, सरकारने साडेसहा ते साडेसात हॉटेले बंद ठेवण्याची अट घातली. हेतू हा की, पुरुषांनी घरी जाऊन जेवावे! ही अट काही वर्षांनी गेली. केट ली आयकराच्या थकबाकीने आधीच दिवाळखोर झाली होती, आता तिचा धंदाही उरला नाही. मेलबर्नला, म्हणजे व्हिक्टोरियात, सहाचा ठोका १९६६ पर्यंत आणि न्यूझीलंडमध्ये १९६७ पर्यंत वाजत राहिला.

यावरून मद्यालयांना वेळेचे बंधन घालणेच व्यर्थ, असे पुष्कळांनी अनुमान काढले. ते घाईचे ठरले, आणि तेही याच राज्यात. सिडनीच्या उत्तरेस न्यूकॅसल हे कोळशाचे बंदर आहे. तेथील मध्यवर्ती भागातील हॉटेले पहाटे पाचपर्यंत उघडी असत आणि मारामाऱ्यांनी रहिवासी हैराण झाले होते. २००८ मध्ये अशा चौदा हॉटेलांना प्रथम तीनची व लवकरच साडेतीनची मर्यादा घालण्यात आली. शिवाय रात्री दीडनंतर नव्या गिऱ्हाइकास आत घेण्यास मनाई झाली. पोलिसांकडे नोंदलेल्या रात्रीच्या मारहाणी सुमारे ३७ टक्क्यांनी उतरल्या. शेजारच्या हॅमिल्टन भागात हे बंधन नव्हते. तेथे तशी घट झाली नाही आणि दंगा तिकडे सरकल्याचेही आढळले नाही. कमी झाला तो दीड तास. पण पहाटे साडेतीनला जो उभा असतो तो कामावरून घरी निघालेला मजूर नसतो. सहाच्या कायद्याने सर्वांची संध्याकाळ एका तासात कोंबली होती, न्यूकॅसलने थोड्यांची पहाट कापली.

सिडनीत हाच प्रयोग अधिक मोठ्या प्रमाणावर झाला. एकाच ठोशाने तरुण दगावल्याच्या घटनांनंतर २४ फेब्रुवारी २०१४ पासून शहराच्या मध्यभागी व किंग्ज क्रॉस येथे दीडनंतर प्रवेश आणि तीननंतर मद्य बंद झाले. राज्याच्या गुन्हे सांख्यिकी कार्यालयाने पुढच्या वर्षी जाहीर केलेल्या अभ्यासात मारहाणीची घट किंग्ज क्रॉसमध्ये ३२ टक्के व मध्यभागी २६ टक्के दिसली. २०१७ च्या अहवालात न्यूटाउनसारख्या भागांत वाढही आढळली. एकंदर घटीच्या मानाने ती कमी होती, परंतु न्यूटाउनच्या रहिवाशाला एकंदर बेरजेचे काय? दुसरीकडे वादक, गायक, रात्रीच्या पाळीचे वाढपी यांची रोजी बुडाली. ज्यांच्या दाराशी पूर्वी रक्त सांडे, ते रहिवासी मात्र शांत झोपू लागले. ही दोन्ही माणसे एकाच गल्लीतील होती आणि दोघांचे म्हणणे खरे होते.

शहराच्या मध्यभागातील निर्बंध जानेवारी २०२० मध्ये आणि किंग्ज क्रॉसमधील मार्च २०२१ मध्ये उठले. तोपर्यंत तेथील कित्येक नाचघरांची दारे कायमची बंद झाली होती आणि काहींच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या होत्या. सेंट्रल स्टेशनच्या संगमरवरात १९१६ च्या त्या रात्रीच्या गोळीची खूण आजही दाखवितात.