दगड वाजवून घ्या

चाळीसगावहून पाटणादेवीच्या रस्त्याला लागा. डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावा, चपला काढा, मोबाइल डिकीत टाका. जायचंय सुमारे २५,००० वर्षं मागे. तिथे रेंजची आशा नको.

आधी मोटरसायकलींची फटफट थांबेल. मग कपाशी जाईल, ज्वारी जाईल. देवीचं देऊळ जाईल. वर पितळखोऱ्याची लेणी एकेक करून बुजतील आणि कडा पुन्हा अखंड होईल. पाटणे गाव तर नकाशातूनच उठेल. राहील तो डोंगर, ओढा आणि गुडघ्याला कापणारं पिवळं गवत. आणि हो, ऊन. ते अस्सल खानदेशी, डोक्यातून थेट टाचेत उतरणारं.

आता दूर बघा. गवताच्या वर दोन लांब माना हलताहेत. ते शहामृग आहेत. डोळे चोळू नका. या काळात ते इथलेच रहिवासी. फक्त मध्ये जाऊ नका, लाथ जबर असते.

माणसं दिसायच्या आधी त्यांचा वास येतो: ओल्या कातड्याचा, जळत्या चरबीचा, धुराचा. मग आवाज. टक्. टक्. टक्, आणि खळ्ळ. ओढ्याकाठी मंडळी उकिडवी बसलीत, एकमेकांच्या गुडघ्याला गुडघे लावून. पोरं रडताहेत, कुणी कुणावर खेकसतंय, माश्या सगळ्यांवर सारख्याच बसताहेत. एक पोरगं येऊन तुमच्या शर्टाचं बटण ओढून पाहतं आणि खाण्यालायक नाही असं ठरवून निघून जातं.

एक म्हातारी तुमच्याकडे पाहून ओढ्याकडे हात करते. रिकामटेकडं बसायची इथे पद्धत नाही. जा, दगड आणा.

पाण्यात उतरा. गोट्यांनी तळवे भाजतात, मग एकदम गारवा. तुमची नजर कशावर जाणार ते ठाऊक आहे: तो फुटका गोटा, ज्याच्या पोटात स्फटिकांचे टोकदार दात लखलखताहेत. साहजिकच आहे. तुमच्या काळात जळगावच्या खाणींतून असे क्वार्ट्झचे घोस निघतात, जोडीला स्टिल्बाइट आणि अपोफिलाइट. जगभरचे हौशी ते काचेच्या कपाटात मांडतात. तुम्ही तो गोटा ऐटीत म्हातारीपुढे धरता.

ती एक ठोका घालते. स्फटिकांचा चुरा होतो. सगळा घोळका खदखदून हसतो.

मग ती गोट्याची जाड साल उचलते, दुधाळ, निळसर करडी, मेणचट. ओली करून उन्हात धरते. तुम्हाला जे टाकाऊ वाटलं, तेच तिला हवं होतं. ही कॅल्सिडनी. दोन्ही एकाच घरची भावंडं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं. भिंतीला कॅल्सिडनीचे पापुद्रे बसले, उरलेल्या जागेत स्फटिक वाढले. पण स्फटिकांचा घोस ठोकला की सांध्यासांध्यात सुटतो. कॅल्सिडनीचे कण इतके सूक्ष्म आणि घट्ट की ती काचेसारखी फुटते, ठोका जाईल तिकडे. लाल-पिवळा जास्परही तिच्याच जातीचा. शेजारी त्याचा वेगळा ढीग आहे.

पुन्हा जा. या वेळी दगड डोळ्यांनी नको, कानांनी निवडा. बाजारात मडकं घेताना बोटाने वाजवता ना, तसा. बद्द वाजला तर आत चीर आहे, फेका. खणखणीत वाजला तर घेऊन या.

आता बसा. डाव्या हातात गाभा, उजव्या हातात नदीतला गोल गोटा. कड पाहून तिरका ठोका. जोर मनगटात हवा, खांद्यात नको. पहिली कपची गालावर येते, दुसरी मांडीवर. तिसऱ्या ठोक्याला अंगठ्यातून रक्त. दगडाचा भाजका, चकमकी वास नाकात बसतो. तुमच्या ढलप्या जाड्या, बोथट, वाकड्या. म्हातारीच्या हाताखाली मात्र बोटभर लांब, सरळ पाती सुटताहेत, कडेला अर्धपारदर्शक. पोलादाच्या सुरीनेही जिच्यावर ओरखडा उठत नाही अशी ती धार. लगेच कातडं सोलायला लागते.

पलीकडे एक बाई दगडाच्या बारीक टोकाने शहामृगाच्या अंड्याचं कवच टोचतेय. मणी होतोय. दुसऱ्या तुकड्यावर कुणीतरी समांतर रेषा ओढून मध्ये आडव्यातिडव्या रेघांची जाळी भरलीय. पोट भरल्यावर नक्षी सुचते, हे तेव्हाही तसंच. आणि जेवणाचं म्हणाल तर भरीत विसरा, मिरचीही विसरा. हाड फोडून आतला गर चोखायचा. मीठ मागू नका.

लाज वाटतेय ना त्या वाकड्या ढलप्यांची? राहू द्या जिथल्या तिथे. १९७२-७३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एस. ए. साळी इथे उत्खनन करतील. त्यांना पाती मिळतील, मणी मिळतील, कोरलेलं कवच मिळेल. पण अशा जागी कपच्यांचा कचराच बोलका ठरतो. चांगलं पातं घेऊन माणूस शिकारीला निघून जातो. दगड कुठे बसून फोडला, कुठल्या बाजूने ठोकला, हे फेकलेल्या ढलप्यांवरून कळतं. नवशिक्याचा हातही त्यातच ओळखू येतो. म्हणजे तुमच्या फसलेल्या ठोक्यांचीही नोंद व्हायची.

तेव्हा उठा. म्हातारी पुन्हा ओढ्याकडे हात करतेय, आणि तिचा आवाज आता जरा चढलाय.