तोफेची नळी पुसणारे हात

दख्खनच्या दोन सलतनतींमध्ये सोलापूर हा कायम वादातला मुलूख होता. 1524 च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचा निकाह अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी सोलापुरात झाला. जहेजमध्ये सोलापूरचा किल्ला मिळणार, असे निजामशाहीचे म्हणणे होते. किल्ला काही मिळाला नाही. त्या एका न पाळलेल्या वचनापायी पुढची जवळपास चाळीस वर्षे ही दोन्ही घराणी लढत राहिली. पुढे अहमदनगरची चांदबीबी अली आदिलशहाची बेगम झाली, तेव्हा हाच किल्ला तिच्या जहेजमध्ये विजापूरकडे गेला.

या भांडणाच्या ऐन काळात, 1549 मध्ये, अहमदनगरला एक तोफ ओतली गेली. तिचे नाव मलिक-ए-मैदान. लांबी साधारण साडेचार मीटर, वजन सुमारे 55 टन, नळीचा व्यास जवळपास 70 सेंटिमीटर. तोफेचे तोंड हत्तीला गिळणाऱ्या हिंस्र प्राण्याच्या जबड्यासारखे घडवलेले आहे. तोफेवरच्या लेखात ती घडवणाऱ्याचे नाव आहे, मुहंमद बिन हुसेन रूमी. रूम म्हणजे उस्मानी तुर्कांचा मुलूख. तिथली ओतकामाची विद्या घेऊन हा माणूस दख्खनला आला आणि इथल्या भट्ट्यांवर, इथल्या कारागिरांच्या हातांनी त्याने हे काम केले.

ही तोफ पुढे बार्शीजवळच्या परांडा किल्ल्यावर होती. 1632 मध्ये मुरारपंतांनी ती तिथून विजापूरला नेली. तिच्या जोडीची ‘कडक बिजली’ वाटेत नदीत बुडाली, असे सांगतात. म्हणजे घडवणारा रूमी, ओतून घेणारा निजामशहा, वाहून नेणारा आदिलशाहीतला ब्राह्मण सरदार. इतिहासाची हिंदू आणि मुसलमान अशी सरळ वाटणी करू पाहणाऱ्यांची या एका तोफेपाशी अडचण होते.

डागल्यानंतरचे काम

तोफेचा इतिहास लिहिताना आपण ती कोणी ओतली, कोणी डागली आणि कोणता बुरूज पाडला, एवढे लिहितो. बार झाल्यावर नळीत हात घालणाऱ्या माणसाची दखल कोणी घेत नाही. तोफ टिकत होती ती त्याच्यामुळे.

सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू जळते तेव्हा तिचा सगळाच धूर होत नाही. निम्म्याहून अधिक भाग घन रूपात मागे उरतो. तो नळीच्या आत काळ्या, खारट थराच्या रूपाने चिकटतो. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. लोखंडी नळी तशीच ठेवली तर रात्रभरातही गंज धरू लागतो. गंजाने आत खड्डे पडतात आणि पुढच्या बाराच्या वेळी त्या खड्ड्यांत ठिणगी लपून राहू शकते.

म्हणून तोंडाकडून भरायच्या तोफेला प्रत्येक बारानंतर ओला बोळा फिरवावा लागे. लांब लाकडी दांड्याला बांधलेला हा बोळा दोन कामे करी. उरलेली ठिणगी विझवी आणि क्षार विरघळवून बाहेर काढी. या वेळी दुसरा माणूस तोफेच्या कानावर, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकावर, अंगठा घट्ट दाबून धरी. कान उघडा राहिला तर बोळ्याच्या मागेपुढे होण्याने आत वारा खेळतो आणि विझू घातलेली ठिणगी फुलते. त्यावर नवी दारू ठासली की ठासणाऱ्याचा हात, कधी जीवही जाई.

दिवसाच्या शेवटी नळी पाण्याने धुवायची, कोरडी करायची आणि मग तेल द्यायचे. हा क्रम महत्त्वाचा. क्षार पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. आधीच तेल दिले तर क्षार तेलाखाली दडून नळी खात राहतात.

धातूनुसारही निगा बदले. तापवून ठोकलेल्या लोखंडी पट्ट्या आणि त्यांवर चढवलेली कडी, अशा बांगडी तोफेत सांध्यांमध्ये ओल शिरते, म्हणून ती कोरडी ठेवणे सर्वांत कठीण. पंचरशी तोफ गंजत नाही, पण तिचा धातू लोखंडापेक्षा मऊ. लोखंडी सळईने खरवडले तर नळी ओरखडते. दांडा लाकडी ठेवण्यामागे हेही एक कारण.

आज्ञापत्रातले मेण

ही निगा दख्खनमध्ये किती गांभीर्याने घेतली जाई, याचा पुरावा मराठीतच आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 1715 च्या आज्ञापत्रात किल्ल्यांच्या प्रकरणात तोफांची काळजी सांगितली आहे. त्या काळी तोफांना ‘भांडी’ म्हणत. भांड्यांना आणि दरवाजांना वरचेवर तेल-मेण द्यावे, पावसाळ्यात भांड्यांचे कान मेणाने बुजवावेत आणि भांडी भिजणार नाहीत असे आच्छादन करावे, असा त्याचा आशय आहे. तोफेचा कान बुजवण्याची एवढी बारीक सूचना राज्यकारभाराच्या ग्रंथात यावी, यातच तिचे मोल कळते.

तोफ निकामी करायची झाली तर शत्रूही त्याच कानात खिळा ठोके. मेणाने बुजवलेला कान तोफ वाचवी आणि खिळ्याने बुजवलेला कान तिला मुकी करी.

आजची सफाई

1818 च्या मे महिन्यात जनरल मन्रोच्या फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला आणि पेशवाईच्या तोफखान्याची इथली कहाणी संपली. मलिक-ए-मैदानचीही परवड झाली. 1854 मध्ये तिचा लिलाव होऊन ती दीडशे रुपयांना विकली गेली होती. सुदैवाने तो व्यवहार पुढे रद्द झाला, नाहीतर ती भट्टीत गेली असती.

आता धोका प्रेमाचा आहे. सोलापूरच्या आसपास नळदुर्गच्या उपळी बुरुजावर, परांड्यात, औशात अजूनही जुन्या तोफा आहेत. हौशी मंडळी स्वच्छता मोहीम काढतात. हेतू चांगला असतो, पण हातात तारेचा ब्रश असतो, काळ्या ऑइलपेंटचा डबा असतो. पंचरशी तोफ चकाकावी म्हणून घरातल्या तांब्या-पितळेसारखी चिंच लावली जाते. चिंचेतले आम्ल धातूवर शतकानुशतके जमलेला हिरवट-तपकिरी थर काढून टाकते. तो थर मळ नसतो. धातूने स्वतःवर ओढून घेतलेली ती चादर असते. रंगाखाली अडकलेली ओल आतून लोखंड खाते आणि तारेचा ब्रश सर्वांत आधी अक्षरे पुसतो.

मऊ ब्रशने धूळ झाडावी. नळीत पाला, दगड, पाणी साचू देऊ नये. बाकीचे काम पुरातत्त्व खात्याच्या रसायन विभागातल्या जाणकारांवर सोपवावे. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय ते करताही येत नाही.

आणखी एक गोष्ट. जुनी तोफ रिकामीच आहे, असे कधीही धरून चालू नये. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या अठराव्या शतकातल्या ब्रिटिश तोफेची 2013 मध्ये सफाई चालू होती, तेव्हा आत गोळा आणि दारू ठासलेली सापडली. नळीत अडथळा लागला तर सळई घालून ठोकू नये. काम थांबवून पोलिसांना आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे.

आपल्या समाजात दख्खनच्या वारशाचा अभिमान पुष्कळ आहे. भाषणांत रूमी खान येतो, चांदबीबी येते. पण अभिमानाने गंज थांबत नाही. मध्ययुगातल्या हजारो लोहारांची, ओतारींची, गोलंदाजांची नावे काळाच्या पोटात गेली. मुहंमद बिन हुसेन रूमीचे नाव उरले, कारण ते धातूवर होते आणि त्या धातूला कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या जपले. विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानेही त्याच तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरवला, पण रूमीचे नाव पुसले नाही. बादशहाने जे राखले ते आपल्या तारेच्या ब्रशने घालवू नये.