'लिहाफ'चे वाचक

उर्दू अफसान्याचा इतिहास लिहिताना आपण लेखकांची नावे घेतो, मासिकांची नावे घेतो, तरक्कीपसंद चळवळीच्या सालांची नोंद करतो. वाचकाची नोंद मात्र राहून जाते. वाचकाने लेखकाला काय कळवले, लेखकाने त्यातले काय मानले आणि काय धुडकावले, याचे कागद सहसा कुणी जपून ठेवत नाही. इस्मत चुगताई यांच्या 'लिहाफ' या कथेच्या बाबतीत सुदैवाने तसे झाले नाही. ही कथा वाचून कोण काय म्हणाले याचा बराच तपशील दोन ठिकाणी मिळतो. एक, सआदत हसन मंटो यांनी इस्मत यांच्यावर लिहिलेल्या प्रदीर्घ लेखात. आणि दुसरे, 'कागजी है पैरहन' या इस्मत यांच्या आत्मकथनात. दोघेही या प्रकरणातले पक्षकारच होते, तेव्हा त्यांचे शब्द अंतिम पुरावा मानण्याचे कारण नाही. तरीही एका कथेभोवती लेखक आणि वाचक यांच्यात किती प्रकारचा संवाद घडू शकतो, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगले उदाहरण आपल्या जवळपास दुसरे नाही.

कथा सर्वांना ठाऊक आहे. नवाबाशी निकाह झालेली, पण नवाबाने कधी ढुंकूनही न पाहिलेली बेगमजान. तिची मालिश करणारी मोलकरीण रब्बो. त्या घरी काही दिवसांसाठी ठेवलेली एक लहान मुलगी, जिला रात्री भिंतीवर रजईची हलणारी सावली दिसते. जे घडते ते मुलीला कळत नाही, वाचकाला कळते. लाहोरच्या 'अदब-ए-लतीफ' या मासिकात १९४२ साली ती छापून आली. तेव्हा इस्मत सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या, आणि शाहिद लतीफ यांच्याशी त्यांचा विवाह व्हायचा होता.

छापण्यापूर्वीच या कथेला वाचक, खरे म्हणजे श्रोते, मिळाले होते. इस्मत तेव्हा भावाच्या घरी राहत होत्या. रात्री कथा लिहून झाली आणि सकाळी त्यांनी ती भावजयीला वाचून दाखवली. कथेतली माणसे कोण, हे भावजयीने ओळखले. पण हे अश्लील आहे, असे ती म्हणाली नाही. मग नात्यातल्या एका चौदा वर्षांच्या मुलीला वाचून दाखवली. तिने सरळ सांगितले की काहीच समजले नाही. या दोन प्रतिक्रिया मला फार मोलाच्या वाटतात. जाणत्या बाईला सारे समजले आणि तिला त्यात गैर वाटले नाही. अजाण मुलीपर्यंत त्यातले काही पोहोचलेच नाही. पुढे कोर्टात वकिलांनी जे सिद्ध करायचे, ते जनानखान्यातल्या या दोघींनी आधीच सांगून टाकले होते. पण त्यांची साक्ष कोण काढणार?

छापल्यानंतरचा पहिला जाणकार वाचक म्हणजे मंटो. दिल्लीत असताना त्यांनी 'लिहाफ' वाचली आणि कृश्न चंदर यांना सांगितले की कथा फार चांगली आहे, पण शेवटचे वाक्य अगदीच कलाहीन आहे. अहमद नदीम कासमी यांच्या जागी आपण संपादक असतो तर ते वाक्य काढून टाकले असते, असेही ते म्हणाले. त्या वाक्यात मुलगी सांगते की रजईखाली आपण जे पाहिले ते लाख रुपये दिले तरी कुणाला सांगणार नाही. मंटोंचा आक्षेप रास्त होता. जी गोष्ट कथेने इतका वेळ न सांगता सांगितली, ती न सांगण्याची शेवटी जाहीर ग्वाही कशाला द्यायची?

ऑगस्ट १९४२ मध्ये, गांधीजींसह काँग्रेसचे पुढारी पकडले गेले होते आणि मुंबई शहरात गडबड चालू होती, त्या दिवसांत शाहिद लतीफ आपल्या नव्या नवरीला घेऊन मंटोंना भेटायला आले. क्लेअर रोडवर 'मुसव्विर' साप्ताहिकाच्या कचेरीत ही भेट झाली. बोलता बोलता मंटोंनी कथेची तारीफ केली आणि त्या शेवटच्या वाक्याविषयीची नाराजीही सांगितली. त्या वाक्यात काय वाईट आहे, असे इस्मत यांनी उलट विचारले. मंटो उत्तर देणार, इतक्यात त्यांना इस्मत यांच्या चेहऱ्यावर लाज दिसली, चारचौघींसारख्या घरंदाज मुलीची लाज. ते हिरमुसले. 'लिहाफ'च्या बारकाव्यांवर मनमोकळी चर्चा करायची म्हणून ते बसले होते, आणि समोर तर एक साधी बाई निघाली!

प्रसंग एवढ्यावर संपला असता तर तो एक किस्सा ठरला असता. पण मंटोंनी पुढे याच लेखात आपले मत फिरवले. इस्मत जर पुरेपूर बाई नसत्या, तर 'भूलभुलय्या', 'तिल', 'लिहाफ', 'गेंदा' यांसारख्या नाजूक कथा त्यांच्या हातून उतरल्याच नसत्या, अशा निष्कर्षाला ते आले. ज्या लाजेने त्यांची निराशा केली, तीच लाज त्या कथेच्या मुळाशी आहे हे त्यांना उमगले. वाचकाने लेखिकेची चूक दाखवली आणि मग लेखिकेला पाहून स्वतःची समज दुरुस्त केली. आपल्या परंपरेत तंकीद म्हणजे फक्त दोष काढणे नव्हे, ती परतून स्वतःवरही येते, याचे हे उदाहरण आहे. त्या वाक्याचे म्हणाल तर, आज मिळणाऱ्या 'लिहाफ'च्या काही पाठांत ते आहे, काहींत नाही. ज्यांत नाही त्यांत रजईचा कोपरा वर उचलला जातो आणि मुलगी झपकन आपल्या अंथरुणात शिरते, तिथेच कथा थांबते. मंटोंना हाच शेवट पसंत पडला असता.

आता दुसऱ्या तऱ्हेचे वाचक पाहू. डिसेंबर १९४४ च्या सुमारास मुंबईत इस्मत यांच्या दारी पोलीस समन्स घेऊन आले. घरात दोन महिन्यांची मुलगी होती आणि तिच्या दुधाच्या बाटल्या उकळणे चालू होते. लाहोरच्या कोर्टात 'लिहाफ'वर अश्लीलतेचा खटला गुदरला होता. मंटोंवरही त्याच वेळी 'बू' या कथेसाठी समन्स होते. वर्तमानपत्रांत बातमी आली आणि टपालाचा ओघ सुरू झाला. पत्रांत शिव्या होत्या. केवळ लेखिकेला नव्हे. नवऱ्याला, खानदानाला, पाळण्यातल्या मुलीलाही. पाकीट उघडले की त्यातून विंचू-साप निघेल अशी भीती वाटू लागली, असे इस्मत यांनी लिहिले आहे. पहिल्या दोन-चार शब्दांवरून अंदाज घ्यायचा आणि पत्र जाळून टाकायचे, हा रिवाज झाला. या पत्रलेखकांपैकी किती जणांनी कथा वाचली होती? पत्रे खटल्याच्या बातमीनंतर आली, कथा तर दोन वर्षांपूर्वी छापलेली होती. यावरून काय ते समजावे.

याच टपालात सासऱ्यांचे शाहिद यांना लिहिलेले पत्रही होते. सुनेची समजूत घाल, तिने काही अल्ला-रसूलच्या गोष्टी लिहाव्यात म्हणजे आखिरत सुधारेल, खटला आणि तोही असल्या गोष्टीवरून, आम्ही फार काळजीत आहोत, असा त्याचा आशय. या पत्रात कथेची समज नाही, पण माणसाची माया आहे. शिव्यांची पत्रे आणि हे पत्र एकाच तागडीत टाकणे अन्यायाचे होईल. आपल्या घरांतून लेखकांना जो विरोध होतो तो पुष्कळदा याच जातीचा असतो. तो शत्रुत्वाचा नसतो, धास्तीचा असतो.

लाहोरला गेल्यावर एम. अस्लम हे ज्येष्ठ लेखक भेटले आणि सलाम-दुवा होते न होते तोच रागावू लागले. इस्मत यांनी त्यांच्याच 'गुनाह की रातें'ची आठवण करून दिली. आपण पुरुष आहोत, असे अस्लम म्हणाले. त्यात माझा काय दोष, असे इस्मत यांनी विचारले. तुम्ही शिकलेल्या, खानदानी मुसलमान घरातल्या. तर तुम्हीही तसेच. असा सामना चांगलाच रंगला. मग इस्मत यांनीच सूर उतरवला. या विषयावर लिहिणे पाप आहे हे मला कुणी सांगितलेच नव्हते, कदाचित माझे मन अब्दुर्रहमान चुगताईंचा कुंचला नसून एक मामुली कॅमेरा असेल, जे समोर येईल ते टिपणारा, अशा आशयाचे त्या बोलल्या. अस्लम निवळले. मतभेद मिटले नाहीत, पण दोघे बोलत राहिले.

दुसरी सुनावणी नोव्हेंबर १९४६ ची. माफी मागून मोकळे व्हा, दंड आम्ही भरतो, असे सांगणारे हितचिंतकही होते. कोर्टात साक्षीदारांना विचारण्यात आले की कथेतला अश्लील शब्द दाखवा. कथेत 'आशिक' जमवण्याचा उल्लेख आहे, त्यावर एकाने बोट ठेवले. शब्द वाईट नाही, हे त्याला मान्य करावे लागले. पण शरीफ घरातल्या शिकलेल्या बाईने तो लिहू नये, असे त्याचे म्हणणे. म्हणजे आक्षेप शब्दावर नव्हता, लिहिणाऱ्या हातावर होता. निषेध खुशाल करा, पण तो कायद्याच्या कक्षेत येत नाही, असे बचावाच्या वकिलांनी बजावले आणि खटल्यातला दम गेला. न्यायाधीशांनी इस्मत यांना आपल्या खोलीत बोलावून सांगितले की आपण त्यांच्या बहुतेक कथा वाचल्या आहेत, त्या अश्लील नाहीत आणि 'लिहाफ'ही नाही; मंटोंच्या लिखाणात मात्र घाण फार. जगातही घाण आहे, असे इस्मत म्हणाल्या. ती उपसायलाच हवी का, या प्रश्नावर त्यांचे उत्तर असे होते की उपसली तर दिसते, आणि दिसली तर साफ करण्याकडे लक्ष जाते.

सुटका झाली, पण 'लिहाफ'ने पाठ सोडली नाही. त्या कथेवरून नवरा-बायकोत इतके खटके उडाले की घर रणांगण झाले, असे त्या लिहितात. पुढचे सारे लिखाण त्या एका रजईखाली दबले. आणि हा दाब केवळ निंदकांचा नव्हता, चाहत्यांचाही होता. 'टेढी लकीर' ही कादंबरी त्यांनी शाहिद अहमद देहलवी यांच्याकडे छापायला दिली, तेव्हा ती मुहम्मद हसन अस्करी यांना वाचायला मिळाली. नायिकेला 'लिहाफ'च्या वळणावर न्यावे, असा त्यांचा सल्ला आला. इस्मत संतापल्या. छपाईचे काम सुरू झाले असतानाही त्यांनी कादंबरी परत मागवली आणि लाहोरच्या दुसऱ्या प्रकाशकाला दिली. एक वाचक सांगतो, हे लिहू नका. दुसरा सांगतो, हेच पुन्हा लिहा. दोघांनाही लेखिकेचा पुढचा शब्द ऐकायचा नसतो.

शेवटी राहिली ती वाचक, जिचा शब्द इस्मत यांनी सर्वांत वर ठेवला. पुष्कळ वर्षांनी अलिगढला एका मेजवानीत त्यांची गाठ त्या बेगमशी पडली, जिच्या आयुष्यावरून कथा सुचली होती. इस्मत यांचे पाय लटपटले. आता ही बाई चारचौघांत आपली अब्रू काढणार, असे वाटले असणार. पण गर्दीतून वाट काढत येऊन बेगमने त्यांना कवेत घेतले आणि बाजूला नेऊन सांगितले की तिने नवाबापासून तलाक घेतला, दुसरा निकाह केला आणि अल्लाच्या कृपेने तिला मोत्यासारखा मुलगा आहे. मग घरी बोलावून खाना खिलवला. त्या मुलाला पाहून तो आपलाही कुणी लागतो असे इस्मत यांना वाटले. तुमची कथा वाचून मी हे केले, असे बेगम म्हणाल्याची नोंद नाही, आणि आपणही ती जोडू नये. तिने फक्त आपली पुढची हकिगत लेखिकेच्या स्वाधीन केली. पण ज्या कथेत तिचा अपमान झाला असे सारे जग म्हणत होते, त्या कथेत तिला स्वतःला अपमान दिसला नव्हता, एवढे तरी त्यातून निश्चित होते.

हे सारे आज आठवण्याचे कारण आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपल्यातही लिहिणाऱ्यांची, विशेषतः लिहिणाऱ्या भगिनींची, संख्या वाढली आहे. त्यांच्यापर्यंत वाचकांचे काय पोहोचते? घरातली गोष्ट चव्हाट्यावर का मांडली, विरोधकांच्या हाती कोलीत का दिले, हे ताबडतोब पोहोचते. उलट बाजूने, तलाक आणि बुरखा यांवरच लिहा, तेच तुमचे क्षेत्र, अशी शाबासकीही पोहोचते. हे आपले साक्षीदार आणि आपले अस्करी. कथेचे अमुक वाक्य जास्त झाले, अमुक माणूस अर्धा राहिला, असे सांगणारा मात्र क्वचित भेटतो. ज्या दबलेल्या बाईविषयी कथा लिहिली, तिचे मत तर बहुधा येतच नाही. कारण तिच्या हाती अंक पडत नाही, किंवा पडला तरी पत्र लिहायची तिला सवय नसते.

समाजाची बदनामी होते ही तक्रार खोटी असते असे मी म्हणणार नाही. आजच्या वातावरणात ती भीती खरी आहे, आणि सासऱ्यांच्या पत्रासारखीच ती समजून घेतली पाहिजे. पण कथेविषयी बोलायचे तर आधी कथा वाचली पाहिजे आणि बोट शब्दावर ठेवले पाहिजे. लाहोरच्या साक्षीदारांना ते जमले नाही; क्लेअर रोडवर मंटोंना जमले. आपल्या वार्षिकांकाच्या वाचकांनी अंक मिटल्यावर एक कार्ड लिहावे, एका कथेविषयी, तिच्यातल्या एका वाक्याविषयी. आणि ते लिहिण्यापूर्वी ती कथा घरातल्या भावजयीला वाचून दाखवावी.